‘ईव्हन’ म्हणजे ‘सुद्धा’, पण कुठला ‘सुद्धा’?

एका सहकाऱ्याला मी एकदा इंग्रजीत मेल लिहिला होता. एका नव्या पदासाठी आतल्याच लोकांकडून अर्ज मागवले होते आणि तो दुसऱ्या विभागातला असल्यामुळे आपला नंबर लागत नाही असं धरून बसला होता. मला सांगायचं होतं, ‘अरे, तूही अर्ज करू शकतोस.’ मी लिहिलं, ‘ईव्हन यू कॅन अप्लाय.’ इंग्रजी त्याची मातृभाषा. तासाभराने एका ओळीचं उत्तर आलं: ‘थँक्स, आय सपोज.’

मला त्या थंडपणाचा अर्थ लागायला दोन दिवस लागले. त्याने वाचलं होतं ते असं: ‘अर्ज काय, कुणीही करावा. अगदी तुझ्यासारख्यानेसुद्धा!’

माझ्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती. शब्दकोश उघडला असता तर त्यानेही माझीच बाजू घेतली असती, कारण तिथे ‘ईव्हन’पुढे ‘सुद्धा, देखील’ असंच छापलेलं असतं. गोम आहे ती आपल्या ‘सुद्धा’त. म्हणून ‘ईव्हन’ शिकायचा तर सुरुवात मराठीपासून केलेली बरी.

आधी आपला ‘सुद्धा’ उलगडून बघा

ही दोन वाक्यं वाचा.

‘सीमा आली, तिची बहीणही आली.’
‘गणित इतकं सोपं होतं की पहिलीतल्या मुलालाही सुटलं.’

दोन्हीकडे तोच ‘-ही’. पण पहिल्या वाक्यात तो नुसती भर घालतो: यादीत एक होती, आता दोघी झाल्या. दुसऱ्यात तो भुवया उंचावतो: ज्याच्याकडून अपेक्षाच नव्हती त्याला जमलं. ‘सुद्धा’, ‘देखील’, ‘पण’ आणि ‘-ही’ ही आपली सगळी शुद्ध शब्दयोगी अव्ययं ही दोन्ही कामं बिनबोभाट करतात. कुठलं काम चाललंय ते आपण आवाजाच्या चढावरून ओळखतो, नाहीतर ‘अगदी’, ‘चक्क’, ‘साधा’ असा एखादा शब्द पुढे उभा करतो. (‘पण’ तर तिसरंही काम करतो. ‘मी पण आलो, पण उशिरा’ हे वाक्य मराठी शिकणाऱ्याला समजावून सांगायची वेळ आली की कळतं आपण काय काय गृहीत धरतो ते.) हिंदीतला ‘भी’ आणि संस्कृतातला ‘अपि’ही असेच दुहेरी आहेत, त्यामुळे ही अडचण एकट्या मराठीची नाही.

इंग्रजीने ही कामं वाटून टाकली आहेत. भर घालायला ‘टू’, ‘ऑल्सो’, ‘ॲज वेल’. भुवई उंचवायला ‘ईव्हन’. ‘सुद्धा’ दिसला की ‘ईव्हन’ लिहायचं, या सवयीने अर्ध्या वेळा तरी चुकीच्या खात्यात नोंद होते.

‘अगदी’ लावून बघा

यावर मी वापरतो ती चाचणी साधी आहे. मराठी वाक्य मनात आलं की ‘सुद्धा’वाल्या शब्दाच्या आधी ‘अगदी’ घालायचं. अर्थ तोच राहिला तर ‘ईव्हन’ चालेल. वाक्य विचित्र वाटलं, किंवा बोलायचं होतं त्यापेक्षा भलतंच निघालं, तर ‘टू’ घ्यायचा.

‘मलाही ताप आलाय.’ आता ‘अगदी मलाही ताप आलाय.’ हे कोण म्हणेल? ज्याला दहा वर्षांत शिंक आली नाही असा माणूस. बाकीच्यांनी ‘आय हॅव अ फीव्हर टू’ म्हणावं.

‘सगळे हसले, न्यायाधीशही हसले.’ ‘अगदी न्यायाधीशही हसले.’ अर्थ जागच्या जागी आहे, उलट खुलला. म्हणजे ‘ईव्हन द जज लाफ्ड’ बिनधास्त लिहा.

शिडी डोळ्यांसमोर आणा

चाचणी का चालते ते कळलं तर ती लक्षात ठेवावी लागत नाही. ‘ईव्हन’ ऐकणाऱ्याच्या मनात एक शिडी उभी करतो. न्यायाधीशांच्या वाक्यात खालच्या पायरीवर कोर्टात गंमत बघायला आलेले लोक, त्यांच्या वर वकील, आणि सगळ्यात वर, जिथवर हसू पोचायची शक्यता सर्वांत कमी, तिथे न्यायाधीश. ही शिडी वाक्यात कुठेच लिहिलेली नसते. ‘ईव्हन’ ऐकलं की ऐकणारा ती आपली आपण बांधतो, आणि ज्याच्या आधी तो शब्द लावलाय त्याला टोकावर बसवतो.

वस्तू आणि प्रसंगांपुरतं हे निरुपद्रवी आहे. माणसांच्या बाबतीत जपून. ‘ईव्हन अ बिगिनर कॅन डू धिस’ असं सूचनापत्रकात लिहिलं तर नवख्याला धीर येतो, पण समोर बसलेल्या नवख्याला ‘ईव्हन यू कॅन डू धिस’ म्हटलं तर तो टोमणा होतो. एखाद्या अहवालात ‘ईव्हन विमेन अप्लाइड’ असं लिहून बघा. बायकांनी अर्ज केले ही साधी बातमी राहत नाही. बायका अर्ज करतील असं लिहिणाऱ्याला वाटलं नव्हतं, हेही उघड होतं. लिहिणाऱ्याच्या मनात तसं काही नसेलही, पण ‘ईव्हन’ वापरल्यावर ती सफाई चालत नाही.

‘ईव्हन आय’ची खास भानगड

‘मी पण’ हे आपल्या तोंडात इतकं बसलंय की ‘ईव्हन आय’ आपोआप येतं. ‘ईव्हन आय लाइक इट’, ‘ईव्हन आय हॅव सीन इट’, ‘ईव्हन आय वॉज थिंकिंग द सेम’. आपल्याकडच्या इंग्रजीत हे इतकं सर्रास चालतं की ते आपापसांत चूक म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. बाहेरच्या माणसाला मात्र दरवेळी प्रश्न पडतो: का बरं, तुला न आवडायचं खास कारण काय होतं?

बरोबर जागी वापरला तर हाच ‘ईव्हन आय’ मजेदार आहे, आणि त्याची एक गंमत मला फार उशिरा दिसली. ‘ईव्हन आय अंडरस्टूड इट’ म्हणजे माझ्या मठ्ठ डोक्यातसुद्धा शिरलं. ही नम्रता. ‘ईव्हन आय कुडन्ट अंडरस्टँड इट’ म्हणजे मी, मी म्हणणाऱ्या मलासुद्धा कळलं नाही. ही चक्क बढाई. मध्ये एक नकार आला आणि शिडी उलटी झाली. म्हणून नकारार्थी ‘ईव्हन आय’ लिहिण्याआधी दोनदा विचार करा. ‘मलाही नाही कळलं’ असं सोबतीच्या भावनेने म्हणायचं असेल, तर तो शब्द तुम्हाला भलत्याच उंचीवर नेऊन बसवेल.

मग सोबतीच्या भावनेने म्हणायचं कसं? समोरचा होकारार्थी बोलला असेल तर ‘मी टू’ कुठेही चालतं. थोडं नीटस हवं असेल तर त्याच्याच क्रियापदाचा धागा पकडायचा. तो ‘आय ॲम टायर्ड’ म्हणाला तर ‘सो ॲम आय’, ‘आय लाइक इट’ म्हणाला तर ‘सो डू आय’, ‘आय हॅव फिनिश्ड’ म्हणाला तर ‘सो हॅव आय’. समोरचं वाक्य नकारार्थी असेल तर सगळा संच बदलतो: ‘मी नायदर’, ‘नायदर ॲम आय’, ‘नायदर डू आय’. पूर्ण वाक्य करायचं तर शेवटी ‘आयदर’ येतो. ‘मलाही आवडलं नाही’ म्हणजे ‘आय डिडन्ट लाइक इट आयदर’. तिथे ‘ईव्हन’ तर नाहीच, ‘टू’ही नाही. मराठीत होकार असो की नकार, ‘-ही’ तोच राहतो, त्यामुळे हा ‘आयदर’ आपल्याला सुचतच नाही. माझ्या मते ‘ईव्हन’च्या निमित्ताने एकच नवी सवय लावायची तर ती या ‘आयदर’ची लावावी.

जागा: मराठीत मागे, इंग्रजीत पुढे

‘सुद्धा’ शब्दाच्या शेपटीला चिकटतो. ‘ईव्हन’ शब्दाच्या तोंडापुढे उभा राहतो. एकच वाक्य घेऊन त्याला सरकवत नेऊ.

‘ईव्हन रवी कॉल्ड मी.’ रवीनेसुद्धा मला फोन केला. तो कधी कुणाला फोन करत नाही.
‘रवी ईव्हन कॉल्ड मी.’ रवीने मला फोनसुद्धा केला. मेसेज, मेल सगळं झालंच होतं, वर फोनही.
‘रवी कॉल्ड ईव्हन मी.’ रवीने मलासुद्धा फोन केला. माझी आठवण काढण्याइतकी आमची ओळख नव्हती.

आता क्रियापदाशी खेळताना एक नियम पाळावा लागतो. मुख्य क्रियापद एकटं असेल तर ‘ईव्हन’ त्याच्या आधी. सोबत ‘हॅज’, ‘कॅन’, ‘मे’, ‘विल’ असं सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकानंतर: ‘शी हॅज ईव्हन सोल्ड हर कार’, ‘दे मे ईव्हन कॅन्सल इट’. ‘इज’, ‘वॉज’ एकटे असतील तर त्यांच्यानंतर: ‘ही वॉज ईव्हन पोलाइट’.

बोलताना इंग्रजी माणूस बहुतेक वेळा ‘ईव्हन’ या मधल्या जागीच टाकतो आणि जोर द्यायचा त्या शब्दावर आवाज चढवतो. ‘ही ईव्हन वर्क्स ऑन संडेज’ म्हणताना ‘संडेज’वर आघात दिला की ‘रविवारीसुद्धा’ असा अर्थ निघतो. लिहिताना आवाज नसतो, म्हणून तिथे ‘ही वर्क्स ईव्हन ऑन संडेज’ जास्त नेमकं. कर्त्यावर रोख असेल तर मात्र सवलत नाही, ‘ईव्हन’ कर्त्याच्या आधीच यायला हवा.

आणि वाक्याच्या शेवटी? ‘तो आला सुद्धा’च्या चालीवर ‘ही केम ईव्हन’ म्हणायचा मोह होतो. आजच्या इंग्रजीत हे टाळाच. तिथे मराठीला ‘इतक्यात आलाही’ असं म्हणायचं असतं, आणि त्यासाठी इंग्रजीकडे ‘ऑलरेडी’ आहे: ‘ही इज ऑलरेडी हिअर.’

नकारात ‘ईव्हन’ सगळ्यात जास्त खुलतो

‘तिने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.’ हा ‘ढुंकूनही’ म्हणजे ‘नॉट ईव्हन’चा सख्खा भाऊ. ‘शी डिडन्ट ईव्हन लुक ॲट मी.’ इथे शिडी उलटी लावलेली असते. टोकाला सगळ्यात अवघड गोष्ट नसते, सगळ्यात सोपी, किमान गोष्ट असते: नुसतं बघणं. तेवढंही घडलं नाही म्हणजे बाकीचं घडायचा प्रश्नच मिटला.

मराठीत अशा वेळी ‘साधा’ पुढे येतो. ‘त्याने साधा फोनही केला नाही.’ हा ‘साधा’ इंग्रजीत ‘सिंपल’ होत नाही. त्याचं सगळं वजन ‘ईव्हन’च उचलतो: ‘ही डिडन्ट ईव्हन कॉल.’ तसंच ‘साधं न विचारता निघून गेला’ म्हणजे ‘ही लेफ्ट विदाउट ईव्हन आस्किंग’. ‘चकार शब्द काढला नाही’ला ‘ही डिडन्ट ईव्हन से अ वर्ड’ चालतं, आणि ‘मनातही आणू नकोस’ला ‘डोन्ट ईव्हन थिंक अबाउट इट’ तंतोतंत बसतं.

पण प्रत्येक ‘-ही’ या रांगेत उभा करू नका. ‘एकही माणूस आला नाही’चं ‘ईव्हन वन पर्सन डिड नॉट कम’ असं भाषांतर मी मोठ्या पदांवरच्या लोकांच्या लिखाणात पाहिलंय. इंग्रजीत नकार आधी येऊन ‘ईव्हन’ला पकडतो: ‘नॉट ईव्हन वन पर्सन केम’. त्याहून सहज म्हणजे ‘नॉट अ सिंगल पर्सन केम’. ‘कुणीही’, ‘काहीही’, ‘कुठेही’, ‘कधीही’ यांतला ‘-ही’ तर ‘एनी’चं काम करतो: ‘एनीवन’, ‘एनीथिंग’, ‘एनीव्हेअर’, ‘एनीटाइम’. आणि ‘दोघेही’, ‘तिघेही’ मधला ‘-ही’ कुणालाही वगळलं नाही एवढंच सांगतो, म्हणून ‘बोथ’ आणि ‘ऑल थ्री’.

तुलना: ‘आणखी’, ‘त्याहूनही’

‘ईव्हन बेटर’, ‘ईव्हन वर्स’, ‘ईव्हन मोअर डिफिकल्ट’. इथे ‘ईव्हन’ म्हणजे ‘सुद्धा’ नव्हे, ‘आणखी’ किंवा ‘त्याहूनही’. पुढे तरतमवाचक रूप हवंच. ‘ईव्हन गुड’ने ‘आणखी चांगलं’ साधत नाही आणि ‘मोअर बेटर’ तर दुहेरी झाला.

‘मच बेटर’ आणि ‘ईव्हन बेटर’ यांत मात्र फरक जपायला हवा. ‘युअर सेकंड ड्राफ्ट इज मच बेटर’ म्हणजे दुसरा मसुदा बराच सुधारला. पहिल्याबद्दल मौन, कदाचित तो वाईटच होता. ‘युअर सेकंड ड्राफ्ट इज ईव्हन बेटर’ म्हणजे पहिला चांगला होताच, हा त्याच्याही वर. कुणाचं काम तपासून अभिप्राय लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एका शब्दात आधीच्या कामालाही शाबासकी पोचते. उलट्या दिशेला ‘ईव्हन वर्स’ म्हणजे आधीचंही वाईटच होतं, तेही तेवढ्याच निर्दयपणे पोचतं.

‘जरी-तरी’चं घोडं

‘ईव्हन इफ’ आणि ‘ईव्हन दो’ दोन्हींना आपण ‘जरी’ म्हणतो आणि तिथेच गाडी अडते. विचारायचा प्रश्न एकच: गोष्ट घडलेली, खरी आहे, की नुसती धरून चाललोय?

‘पाऊस पडला तरी आम्ही जाऊ.’ पाऊस अजून पडलेला नाही, पडेल की नाही कुणास ठाऊक. ‘वी विल गो ईव्हन इफ इट रेन्स.’
‘पाऊस पडत होता तरी आम्ही गेलो.’ पडत होता, भिजलो. ‘वी वेन्ट ईव्हन दो इट वॉज रेनिंग.’

नेमकी चूक कुठे दुखते ते बघा. नेमणुकीची चर्चा चालू असताना ‘ईव्हन दो ही इज डिसऑनेस्ट’ म्हटलं तर तुम्ही तो माणूस अप्रामाणिक असल्याचं जाहीर केलंत. ‘ईव्हन इफ ही इज डिसऑनेस्ट’ म्हणजे वादापुरतं तसं धरून चालू. एका शब्दाच्या फरकात एक माणूस बदनाम होतो.

दुसरी अडचण जोडीची. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ आलाच पाहिजे, नाहीतर वाक्य लंगडं वाटतं. त्याच ओढीने आपण ‘ईव्हन दो ही वॉज इल, बट ही केम’ लिहितो. इंग्रजीला एकच टोक पुरतं. ‘बट’ काढून टाका. फार हात शिवशिवत असतील तर ‘स्टिल’ क्रियापदाजवळ ठेवा: ‘ईव्हन दो ही वॉज इल, ही स्टिल केम.’ आणि नुसत्या ‘ईव्हन’ने दोन वाक्यं जोडायची नाहीत. ‘ईव्हन ही वॉज इल, ही केम’ हे वाक्य उभंच राहत नाही.

या कुटुंबातली बाकीची मंडळी पटकन उरकतो. ‘ईव्हन सो’ म्हणजे ‘तरीसुद्धा’, ‘असं असूनही’. ‘ईव्हन देन’ म्हणजे ‘त्या वेळीही’ किंवा ‘तेवढं करूनही’. ‘ईव्हन नाऊ’ म्हणजे ‘आत्ताही’, ‘अजूनसुद्धा’. ‘ईव्हन ॲज’ म्हणजे ‘नेमकं ते चालू असतानाच’. या शेवटच्या प्रयोगात जुना अर्थ टिकून आहे. ‘ईव्हन’चा मूळ अर्थ सपाट, समान, आणि त्यावरून ‘अगदी तसंच’. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये तो याच ‘अगदी तसंच’च्या अर्थाने जागोजागी भेटतो. सम संख्येतला ‘ईव्हन’ याच घरातला. ‘ईव्हनिंग’ मात्र दिसायला सारखी असली तरी वेगळ्याच मुळाची.

बोलण्यातला चिडका ‘ईव्हन’

‘डिड यू ईव्हन रीड इट?’ याचं मराठी ‘तू वाचलंससुद्धा का?’ असं केलं तर कानाला खटकतं. आपण म्हणतो, ‘वाचलंस तरी का?’ इथे ‘ईव्हन’चा जोडीदार ‘सुद्धा’ नसून ‘तरी’ आहे. प्रश्न माहितीसाठी नसतोच, न वाचता बोलतोयस असा आरोप असतो. ‘व्हॉट डझ दॅट ईव्हन मीन?’ म्हणजे ‘म्हणजे नक्की काय म्हणे?’ हे मित्रांत ठीक, कामाच्या पत्रात नको. ‘आय कान्ट ईव्हन’ एवढंच बोलून पुढचं गिळणं हा अलीकडच्या गप्पांतला प्रकार. पुढे शब्दच फुटत नाहीत असा त्याचा अभिनय आहे.

उच्चाराचं एवढंच: आघात पहिल्या ‘ई’वर, तो लांब. दुसरा भाग जवळजवळ गिळायचा, ‘ईव्न’. ‘इव्हेन’ असा शेवट ताणला की तो ‘इव्हेंट’च्या दिशेने घसरतो, कारण त्या शब्दाचा आघात दुसऱ्या भागावर असतो.

हात साफ करायला चार वाक्यं

आधी मराठी वाचा, ‘अगदी’ लावून बघा, मग खालचं उत्तर.

‘मलाही तिथे जायचं नाही.’
‘त्याने दारही लावून घेतलं नाही.’
‘कितीही समजावलं तरी तो ऐकणार नाही.’
‘तूही अर्ज करू शकतोस.’

पहिलं: ‘आय डोन्ट वॉन्ट टू गो देअर आयदर.’ दुसरं: ‘ही डिडन्ट ईव्हन क्लोज द डोअर.’ तिसऱ्यात ‘ईव्हन इफ’चा मोह होईल, पण ‘कितीही’ आहे म्हणून ‘नो मॅटर हाऊ मच यू एक्स्प्लेन, ही वोन्ट लिसन’ जास्त सरळ.

चौथं म्हणजे माझा तो मेल. ‘यू कॅन अप्लाय टू.’ तोंडी सांगायचं तर आघात ‘यू’वर, नाहीतर ‘बाकी सगळं करतोसच, अर्जही कर’ असा अर्थ निघू शकतो. लेखी पाठवायचं तर तो धोकाही नको म्हणून आता मी लिहितो, ‘इट्स ओपन टू युअर टीम ॲज वेल.’ त्या सहकाऱ्याने अर्ज केला नाही. मी विचारलंही नाही.